रस्त्यावरची तीन पोरं : एका छोट्या फिल्मच्या कामाच्या नोंदी

२४ नोव्हेंबर २०२४, रविवार. रेकी

केज, कळंब, येरमाळा, बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी. शूटिंगच्या जागा बघत फिरायला दोन दिवस लागले. गाडी मुद्दाम नेली नाही. पोरं जशी जातील तसंच जायचं, म्हणून एसटी, वडापची जीप आणि एकदा पाण्याच्या टँकरवाल्या मामांशेजारी बसून गेलो.

गोष्ट थोडक्यात सांगते, म्हणजे पुढच्या नोंदी कळतील. आईबाप ऊसतोडीला गेलेत, पोरं गावात आजीजवळ आहेत. थोरला सतराचा, मधली मुलगी पंधराची, बारका अकराचा. एके दिवशी तिघं घरातून निघतात. कुठं जायचं ते ठरलेलं नाही. पैसे असतील तोवर एसटी, नंतर कुणी घेईल त्या गाडीनं. आईबापाकडे जायचं असं तिघंही म्हणत नाहीत, पण रस्ता आपोआप कारखान्यांच्या दिशेनं जातो.

यंदा गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला. विधानसभेचं मतदान २० तारखेला होतं, त्यामुळे ऊसतोड मजुरांच्या बऱ्याच टोळ्या उशिरा हलल्या. वाटेत अजूनही ट्रक दिसत होते: वर पत्रे, बाजा, चुलीची भांडी, त्यावर बसलेली माणसं, मागच्या फळीला बांधलेली शेळी. बजेट नऊ लाख, माणसं आठ. पहिलं शेड्यूल जानेवारीत नऊ दिवसांचं आणि दुसरं मार्चमध्ये चार दिवसांचं. साखर कारखान्याच्या यार्डातली, म्हणजे उसाच्या गाड्या थांबतात त्या आवारातली, तिघांची सगळी दृश्यं मार्चवर टाकली. ही योजना पुढं आमच्या अंगावर आली.

१५ डिसेंबर, रविवार. पोरं आणि त्यांचे आईबाप

तिघंही पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर येणार. थोरला केजमध्ये गॅरेजवर सापडला, बारका एका जिल्हा परिषद शाळेत सातवीला. मधलीचं काम करणारी मुलगी दहावीला आहे आणि तिचे आईवडील खरोखरच टेंभुर्णीजवळ फडात आहेत. परवानगी घ्यायला आज तिथं गेले. मजुरांच्या कोप्यांसमोर, म्हणजे झोपड्यांसमोर, तिची आई वाढ्यांची, उसाच्या हिरव्या शेंड्यांची, पेंढी बांधत होती. हात थांबवले नाहीत.

"शूटिंगचं मला काय कळत न्हाई, ताई. पोरगी रात्री कुठं निजणार तेवढं सांगा."

"माझ्याच खोलीत, मावशी. आणि तिची मामी पूर्ण वेळ सोबत असेल. मामीचा खर्च आमच्याकडे."

"दहावीचं वरीस हाय तिचं. पेपरच्या आधी तिला बोलवायचं न्हाई. बोलवलं तर मी येऊन तुमचा क्यामेरा बंद करंन."

पेपर २१ फेब्रुवारी ते १७ मार्च, तोंडी आणि प्रात्यक्षिकं ३ फेब्रुवारीपासून. जानेवारीत नऊ दिवस, मग थेट १७ मार्चनंतर, असा शब्द दिला. करारात हीच ओळ सगळ्यात वर लिहिली.

संवादांची वाट आजच लागली, हे बरं झालं. मी पुण्याच्या बोलीत लिहिलं होतं, "काय करतोयस?" थोरल्यानं वाचताना आपसूक "काय करायलास?" केलं आणि थांबून माझ्याकडे बघितलं, चुकलं का म्हणून. सगळे संवाद बाजूला ठेवले. आता प्रत्येक दृश्याला मी फक्त काय घडतं ते सांगते, वाक्यं त्यांची. मराठवाड्यातलं "चाललोत", "करायलोत" लिहून आणता येत नाही, ते त्या तोंडांतूनच यावं लागतं. पटकथेतली चाळीसेक पानं गेली त्याचं वाईट वाटलं, पण ती जायलाच हवी होती.

२ जानेवारी २०२५, गुरुवार. कागदपत्रं

याला तीन आठवडे लागले. असं काम करणाऱ्यांनी हे शेवटी ठेवू नका.

चौदा वर्षांखालचं मूल असेल तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि ती शूटिंग जिथं आहे त्या जिल्ह्याची. मी एकच अर्ज करून निवांत बसले होते. आमचा रस्ता बीड, धाराशिव आणि सोलापूर अशा तीन जिल्ह्यांतून जातो. चूक माझी. बारक्याची कळंब-येरमाळ्याची दृश्यं शेवटी बार्शीच्या हद्दीत आणली आणि तिसरा अर्ज वाचवला. नियम असे: दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही, शाळा बुडायची नाही, आणि मानधनातले किमान २० टक्के त्याच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. दिवसाला ३,००० ठरलेत. बँकेत अर्धा दिवस गेला, पण पासबुकावर स्वतःचं नाव बघून बारक्यानं ते मामाला तीनदा वाचून दाखवलं.

पाच तासांचा नियम कागदावर सोपा वाटतो. खरं म्हणजे त्यानं अख्खं वेळापत्रक बदलतं. जेवण, कपडे, वाट बघणं धरलं की बारका कॅमेऱ्यासमोर जेमतेम तीन तास मिळतो. म्हणून रोज त्याची दृश्यं आधी.

दोन गोष्टी गोष्टीतूनच काढल्या. बारका बैलगाडीवर ऊस घेऊन जातो, हे दृश्य गेलं. फिल्मसाठी जनावर वापरायचं तर प्राणी कल्याण मंडळाची पूर्वपरवानगी लागते, नाहीतर सेन्सॉरच्या वेळी अडतं. दुसरं, थोरल्याची बिडी. पडद्यावर धूम्रपान दिसलं की सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर ३० सेकंदांची चित्रफीत, वर २० सेकंदांचा इशारा आणि दृश्यावर पट्टी. तेही केलं असतं. पण सतरा वर्षांच्या मुलाच्या हातात मी तंबाखू देणार नाही, खोटीसुद्धा नाही. त्याजागी तो काडेपेटी वाजवतो. पुढं आवाजासाठी ती फार कामाला आली.

११ जानेवारी, शनिवार. दिवस पहिला

केजबाहेरचा रस्ता. सकाळी साडेसहाला पहिला शॉट, तिघं डांबरावरून पाठमोरी चालताहेत. नवव्या टेकला बरा आला. पोरं कॅमेऱ्याकडे बघत नाहीत, पण चालताना पाय मोजल्यासारखे टाकतात. दुपारनंतर त्यांच्या पिशवीत खरोखर सामान भरलं: दोन ब्लँकेटं, पाण्याची बाटली, डबा. वजन आलं तसं चालणं बदललं. रिकामी पिशवी दिली होती ही कपडेपटाची नाही, माझी चूक.

१४ जानेवारी, मंगळवार. मोटारसायकल

या तीन दिवसांबद्दल सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात मोठं नुकसान इथं झालं.

पटकथेत पोरं एक जुनी मोटारसायकल उचलतात आणि पस्तीस किलोमीटर जातात. थोरला अठराचा नाही. अल्पवयीन मुलानं सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवली तर पालकाला आणि गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा नसता तरी मी तिघांना एका गाडीवर बसवून हायवेवर सोडलं नसतं. म्हणून ठरलं की मोटारसायकल पिकअपच्या हौद्यात बांधायची, पोरं तिच्यावर बसवायची, कॅमेरा हौद्याच्या कडेला.

बार्शीतल्या वेल्डिंगवाल्या काकांनी चॅनेलचा सांगाडा करून दिला, ६,५०० रुपये. पिकअपचे तीन दिवसांचे ९,०००. चार रॅचेट पट्टे. गाडी जागची हलत नव्हती, काम पक्कं होतं.

आणि चित्र खोटं. पहिल्या दिवशी कळलं नाही, रात्री मोठ्या स्क्रीनवर कळलं. हौदा जमिनीपासून इतका वर की पोरांचे डोळे एसटीच्या खिडकीच्याही वर जातात. मागून येणारी दुचाकी चौकटीत आली की तिघं हवेत तरंगल्यासारखी दिसतात. वळणावर पिकअप वळते, मोटारसायकल कलत नाही. थोरला हँडल धरतो, पण ते बांधलेलं असल्यामुळे त्याच्या खांद्यात काहीच हालत नाही. गाडी चालवणाऱ्याचे खांदे सतत बारीक काम करत असतात, हे मला तेव्हा दिसलं.

दुसऱ्या दिवशी फक्त चेहरे घेतले, लांब लेन्सवर. हादऱ्यांनी फोकस टिकेना. तिसऱ्या दिवशी, म्हणजे आज, सांगाडा खाली सरकवून घ्यायला पुन्हा वेल्डिंगच्या दुकानी. खालच्या उंचीचा ट्रेलर पुण्याहून आणायचा तर दिवसाला २२,००० सांगितले. मी नाही म्हणाले.

आणि आज संध्याकाळी जीवघेणं झालं असतं. पिकअप रस्त्याच्या कडेला लावलेली, आम्ही पट्टे सोडत होतो. मागून उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर आला. रिफ्लेक्टर नाही, मागचा दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला. उसाचे शेंडे आमच्या साउंडवाल्याच्या पाठीला घासून गेले. कुणाला लागलं नाही. त्याच रात्री नियम केला: सूर्य मावळला की डांबरावर कॅमेरा नाही. ढाब्याच्या आवारात, स्टँडवर, यार्डात चालेल. आठ रिफ्लेक्टर जाकिटं आणि दोन त्रिकोण घेतले, २,६००. हे पहिल्या दिवशीच घ्यायचं असतं.

तीन दिवस, दिवसाचा खर्च ३१,००० धरून ९३,०००, वर सांगाडा आणि पिकअप. फिल्ममध्ये यातलं काहीच नसेल असं आत्ताच वाटतंय.

एक मात्र आहे. वेल्डिंग चालू असताना पोरं समोरच्या वजनकाट्याजवळच्या कडुनिंबाखाली दीड-दोन तास बसून होती. कॅमेरा असिस्टंट नवी लेन्स तपासत होता आणि त्यानं सहज त्यांच्यावर रोखली. ट्रॉलीतून पडलेला एक ऊस बारक्यानं उचलून आणला. गुडघ्यावर मोडला. बुडखा मुलीला दिला, शेंड्याकडचा तुकडा स्वतः ठेवला आणि दातांनी सोलायला लागला. ऊस बुडख्याला गोड असतो, शेंड्याला पाणचट. फडातल्या पोराला ते शिकवावं लागत नाही. मुलीनं न बघता घेतला. थोरला काडेपेटी वाजवत रस्त्याकडे बघत होता. एवढंच, सात मिनिटांचं. कुणी त्यांना काही सांगितलेलं नव्हतं.

१५ आणि १६ जानेवारी. ढाब्यावरची रात्र

आख्खी रात्र वाया. पोरांना ढाब्यावर भांडी घासायच्या बदल्यात जेवण मिळतं ते दृश्य. कॅमेऱ्याच्या पाच इंची पडद्यावर सगळं छान दिसत होतं. पहाटे लॅपटॉपवर बघितलं तर भिंतीवर उजेडाचे पट्टे सरकताहेत.

कारण साधं आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूब सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होते. आम्ही सेकंदाला २४ फ्रेम आणि शटर १/४८ सेकंदावर घेत होतो. ते जुळत नाही. १/५० ठेवलं की जुळतं. फ्रेम २५ करायची गरज नव्हती, आधीचं सगळं २४ वरच होतं. शटर कोनात मोजणाऱ्यांसाठी: १८० ऐवजी १७२.८ अंश. एका आकड्याचं काम.

तरी गल्ल्यावरचा स्वस्तातला एलईडी बल्ब लपलप करतच राहिला. तो काढून आपला लावला. आता रात्रीच्या प्रत्येक जागी आधी दहा सेकंद घेऊन लॅपटॉपवर बघतो, मगच पोरांना बोलावतो. पुनर्शूटिंगचे १४,००० गेले. ढाबामालकांनी दुसऱ्या रात्रीचे पैसे घेतले नाहीत. "पोरांनी भांडी खरंच घासली की," म्हणाले.

१७ जानेवारी, शुक्रवार. आवाज

टेम्पोच्या हौद्यात बसून तिघं बोलतात. आमचा रेकॉर्डर ३२ बिट फ्लोटचा. त्यामुळे आवाज फाटत नाही हे खरं, पण ताडपत्रीची फडफड आणि वारा त्यात जसाच्या तसा येतो, आणि मग तो कुणाच्यानं निघत नाही. लेपल माइक शर्टाच्या आत घासतो. माइकला वारा अडवणारं केसाळ विंडशील्ड घालूनही टेम्पो चाळीसच्या पुढं गेला की शब्द हरवतात.

दोन तास झगडून साउंडवाल्यानं उपाय काढला तो असा. शॉट संपला की टेम्पो लगेच बाजूला घ्यायचा, इंजिन बंद, पोरं तशीच हौद्यात, त्याच जागी, धापा टाकत असतील तर टाकत. तेच बोलणं पुन्हा, कॅमेऱ्याविना, तीनदा. महिन्याभरानं स्टुडिओत डबिंग करून हा आवाज मिळत नाही. नॉन-अ‍ॅक्टर पोरं माइकसमोर उभी केली की शाळेत कविता म्हटल्यासारखी बोलतात. मग ताडपत्री वेगळी, इंजिन वेगळं, साखळीची खणखण वेगळी, प्रत्येकी दोन मिनिटं. थोरल्याची काडेपेटी दोन टेक जोडायला उत्तम, ताल तोच असतो.

दुसरी अडचण, गाणी. उसाच्या ट्रॅक्टरवर टेप जोरात असतो, त्याशिवाय रात्री ड्रायव्हरला झोप येईल. ते गाणं मागं आलं की हक्क विकत घ्यावे लागतात, आणि संवादाखालचं गाणं एडिटमध्ये कापताही येत नाही. ट्रॅक्टरांच्या रांगेत पुढून मागून जाऊन हात जोडायचे, "मामा, दहा मिनिटं टेप बंद ठेवा." एकालाही वाईट वाटलं नाही. एकानं विचारलं, माझा ट्रॅक्टर दिसेल ना?

१८ जानेवारी, शनिवार. एसटी

बार्शी ते कुर्डुवाडी. महामंडळाची परवानगी काढून बस प्रासंगिक करारावर घेतली, तेच लग्नाला घेतात तसं. सगळं मिळून २६,०००. मी १०,००० धरले होते.

तिकिटाचं दृश्य मी जुन्या हिशेबानं लिहिलं होतं: थोरला पूर्ण, मुलगी पूर्ण, बारका अर्धा. मुलगीच म्हणाली, "ताई, मला आर्धं लागतंय." खरंच. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. म्हणजे तिघांचं मिळून दोन पूर्ण तिकिटांचे पैसे, आणि त्यांच्याकडे वीस रुपये उरतात. त्या विसांवर पुढचं आख्खं दृश्य उभं राहिलं.

एक टेक बिघडला. पोरं पाणी भरायला उतरतात आणि परत चढतात, असं होतं. वाहक खरेखुरे होते, त्यांनी सवयीनं दोनदा घंटी मारली आणि चालकानं बस काढली. मुलगी आत खिडकीशी, दोघं खाली बाटली घेऊन. थोरला चार पावलं पळाला आणि थांबला. मी "कट" ओरडले. नशिबानं कॅमेरावाल्यानं ऐकलं नाही, तो बस वळेपर्यंत घेत राहिला. लॉग शीटवर मी या टेकपुढं "बाद" लिहिलं.

१९ जानेवारी, रविवार

पहिलं शेड्यूल संपलं. मुलगी घरी गेली.

२ फेब्रुवारी, रविवार. जोडून बघितलं

चौदा दिवस लावून पहिली जोडणी केली. एक तास पाच मिनिटं. चालत्या गाडीतली चौदा दृश्यं, त्यातली दहा मला बघवत नाहीत. पोरं बाहेर बघतात, वारा लागतो, झाडं मागं जातात. अशी दहा मिनिटं झाली की मला त्यांच्याबद्दल काही नवीन कळत नाही. कडुनिंबाखालची ती सात मिनिटं मात्र एडिटरनं एकही काप न देता ठेवली होती, आणि ती लागली की खोलीत कुणी मोबाइलला हात लावत नाही.

मग उमगलं की पैसे नसलेली पोरं रस्त्यावर प्रवास कमी करतात आणि थांबतात जास्त. गाडी मिळायची वाट, ड्रायव्हर जेवून यायची वाट, ऊन उतरायची वाट. रेकीच्या दोन दिवसांत मीही निम्म्याहून जास्त वेळ उभीच होते, पण वहीत फक्त गावांची नावं लिहिली होती. गाडीतल्या वेळात सगळी निर्णयातून सुटलेली असतात. थांब्यावर दर दहा मिनिटांनी ठरवावं लागतं की पुढं जायचं, परत फिरायचं की इथंच निजायचं. पोरांची भांडणं तिथं आहेत, एकमेकांना सांभाळणंही तिथंच.

नवी यादी केली. चालती दृश्यं चार, थांबे अकरा: पंक्चरचं दुकान, स्टँडची पाण्याची टाकी, कुर्डुवाडी जंक्शनबाहेरची रसवंती, वजनकाटा, यार्डातली रांग. मोटारसायकल पूर्ण काढली.

६ फेब्रुवारी, गुरुवार. पट्टा पडणार

मुलीच्या मामीचा फोन. ज्या कारखान्यात मार्चमध्ये यार्डाची दृश्यं करायची, तो दहा-बारा तारखेला बंद होतोय. यंदा ऊसच कमी. सोलापूर भागातले कारखाने भराभर पट्टा पाडताहेत, म्हणजे गाळप बंद करताहेत. हंगाम मार्चपर्यंत चालेल असं मी नोव्हेंबरात धरलं होतं, कुणाला विचारलंच नव्हतं. टोळीचा कुठलाही मुकादम जानेवारीतच सांगू शकला असता.

यार्डात आत्ता शूटिंग केलं तर मुलगी नाही. तिची तोंडी परीक्षा सुरू आहे. मार्चमध्ये केलं तर मुलगी आहे, ट्रॅक्टर नाहीत. माझ्या एका सहकाऱ्यानं सुचवलं की एका रात्रीपुरतं विचारून तर बघू. मी फोन केला नाही. तिच्या आईनं घातलेली अट एका रात्रीनं मोडली तरी मोडलीच, आणि त्या मुलीसाठी दहावी ही आमच्या फिल्मपेक्षा मोठी गोष्ट आहे.

रात्रभर लॉग शीट चाळल्या. १८ तारखेच्या "बाद" टेकवर थांबले. बस सुटते, मुलगी आत, दोघं खाली. तिघांची ताटातूट इथंच होते. कुणी ठरवून कुणाला सोडत नाही, दोनदा घंटी वाजते आणि होतं. दोघं यार्डात पोचतात, ती नंतर, एकटी. गोष्ट बदलली आणि मला ती आधीच्यापेक्षा खरी वाटते.

८ ते १० फेब्रुवारी. यार्ड

दोन दिवसांत माणसं गोळा केली. घाईचं भाडं म्हणून ३२,००० जास्त गेले.

रात्रीच्या यार्डाचा उजेड आम्हाला करावा लागला नाही, ऊस गाळपाला टाकतात त्या गव्हाणीजवळचे दिवे पुरले. मळीचा वास कपड्यांत बसतो, तो अजून जात नाही. ऊस उतरवायचा नंबर लागायला सहा-सात तास. ड्रायव्हर ट्रॉलीखाली पटकूर टाकून झोपतात, कुणी तीन दगडांवर चहा करतं. दोघं पोरं त्या रांगेतून प्रत्येक ट्रॅक्टरपाशी थांबून विचारतात, "केजकडची टोळी हाय का?" पहिल्या तिघा ड्रायव्हरांना आम्ही सांगून ठेवलं होतं. चौथ्यापासून पोरं स्वतःच पुढं गेली आणि लोक खरीच उत्तरं देत राहिले. एका आजोबांनी बारक्याला स्वतःची कानटोपी घातली. ती परत द्यायला दुसऱ्या दिवशी गेलो तर त्यांची गाडी रिकामी होऊन निघून गेली होती.

भरलेल्या ट्रॉलीवर पोरांना रस्त्यावर बसवलं नाही. शेतातल्या पायवाटेवर, माणसाच्या चालीनं, चौकटीबाहेर आमची दोन माणसं हात पसरून चालताहेत असा एकच शॉट घेतला. पुरला.

कंटिन्युइटीचा, म्हणजे दृश्यांच्या आपसातल्या जुळणीचा, घोळ: २५ जानेवारीपासून एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. आमचं तिकिटाचं दृश्य त्याच्या आधीचं. नव्या दृश्यात पोरं परतीच्या भाड्याचा आकडा बोलत होती, तो जुन्याशी जुळेना. आकडा बोलायचंच काढलं. बारका फक्त मुठीतली नाणी मोजतो, पुन्हा मोजतो आणि मूठ मिटतो.

आणि डेटा. तिसऱ्या रात्री दमलेल्या असिस्टंटनं एकाच प्रतीच्या भरवशावर कार्ड फॉरमॅट केलं, पण डिस्कची केबल निसटून तीच प्रत अर्धवट राहिली होती. चाळीस मिनिटांचं फुटेज गेलं, त्यात रसवंतीचं दृश्य पूर्ण. त्याला मी रागावले नाही. एकोणीस तास जागा होता आणि ते वेळापत्रक मी आखलं होतं. आता नियम: दोन वेगळ्या डिस्कवर प्रत, चेकसम जुळल्याचा, म्हणजे प्रत मुळाबरहुकूम असल्याचा, कागद, दुसऱ्या माणसाची सही, मगच कार्ड पुसायचं. आणि डेटा सांभाळणाऱ्याला शूटिंगचं दुसरं काम नाही.

बारक्याचे एकूण बारा दिवस, ३६,०००. ठेवीत ७,२००.

२० मार्च, गुरुवार. रिकामं यार्ड

पेपर सोमवारी संपले. हंगाम संपल्यामुळे मुलीचे आईवडील गावी परतलेत, म्हणून मामीऐवजी आईच सोबत आली. पाच माणसांचा गट, एक दिवस, २४,०००.

यार्डात एकही गाडी नाही. मातीवर चाकांच्या चाकोऱ्या वाळून कडक झालेल्या, कडेला वाऱ्यानं गोळा झालेलं पाचट. वजनकाट्याच्या खोलीला कुलूप. मुलगी फाटकातून येते, दोघांना शोधते, कुणी नाही. कडुनिंबाखाली जाऊन बसते. एवढंच घ्यायचं होतं.

पहिला टेक, ती घाबरल्याचा अभिनय करू लागली. तिला म्हटलं काही करू नकोस, तुझी माणसं या जागेत कुठं कुठं उभी राहिली असतील ते शोध. दुसऱ्यात ती जमिनीकडे बघत हळू चालली. तिसऱ्या टेकला ती चालत काट्यासमोर जाऊन उभी राहिली आणि मागून, आमच्याही मागून, तिच्या आईचा आवाज आला: "तिथं नको उभी राहू गं. तिथं गाड्या वळत्यात."

यार्ड रिकामं होतं. मुलगी मात्र लगेच दोन पावलं बाजूला झाली, मागं न बघता. मग तिथंच उभी राहिली.

आई लगेच तोंडावर पदर धरून म्हणाली, "बिघडलं का, ताई?"

"नाही मावशी. काहीच बिघडलं नाही."

११ मे, रविवार. एडिट

लांबी एक तास चोवीस मिनिटं. रसवंती नाही, तिची उणीव मला रोज जाणवते. ठरले होते ९ लाख, झाले १० लाख ३५ हजार. त्यात आवाजाचे ठरल्यापेक्षा ५५,००० जास्त, कारण टेम्पोतल्या चारही दृश्यांचा आवाज थरांनी पुन्हा बांधला. मोटारसायकलचे तीन दिवस या वाढीत दिसत नाहीत, ते नऊ दिवसांतच होते. पण ते दिवस हाती असते तर कुर्डुवाडी स्टँडवरची रात्र घेता आली असती.

आज मिक्सिंगच्या आधी आवाज तपासताना साउंडवाल्यानं विचारलं, शेवटच्या शॉटवर मागून बाई बोलतात ते साफ करू का, सहज निघेल. तिसरा टेक लावला आणि आम्ही तिघांनी पुन्हा ऐकला. आवाज थोडा लांबचा, वाऱ्यात अर्धा हरवलेला, "वळत्यात" तेवढं स्पष्ट.

ठेवायला सांगितलं. आवाजाची पातळीही तशीच.